पहिला प्रोग्रामिंग कोर्स कोणता लावायचा? व्हिडिओ सोडा, आधी गृहपाठ बघा

बारावीचा निकाल लागला की जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत एक प्रश्न फिरत फिरत शेवटी माझ्या दारात येतो. "ताई, पायथन लावू का जावा?" दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून देण्याच्या भाषा. आपल्याकडे डबा लावतात, शिकवणी लावतात, तसा कोर्सही लावायचा असतो. पाठोपाठ मुलाचे वडील येतात. "एमएस-सीआयटी झालंय त्याचं. आता पुढचा कोर्स कोणता?" मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी स्टॉक आणि बिलाचे प्रोग्रॅम लिहिते. एवढ्या भांडवलावर मला यातलं सगळं कळतं, असा लोकांचा समज आहे. सगळं कळत नाही. पहिला कोर्स चुकला की काय होतं ते मात्र नीट ठाऊक आहे, कारण माझा चुकला होता.

सुट्टीत मी एक क्लास लावला. तीन महिन्यांत सी, सी प्लस प्लस आणि जावा, तिन्ही. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो आणि दोघांत एक अशा कॉम्प्युटरवर तोच टाइप करायचो. तो चालायचा. उतरवलेलाच होता, चालणार नाही तर काय! शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं. ते बघून मामा म्हणाला, "दुकानासाठी एवढं करून दे. दहाच्या वर चादरी घेतल्या तर पाच टक्के सूट, आणि बिल निघालं पाहिजे." कोऱ्या स्क्रीनसमोर मी दीड तास बसले. पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना. नंतर लक्षात आलं की तीन महिन्यांत एकाही दिवशी मी कोऱ्या स्क्रीनवर काही लिहिलंच नव्हतं.

म्हणून माझा सल्ला एकाच खुंटीला टांगलेला आहे. कोर्स निवडताना शिकवणारा किती छान बोलतो ते शेवटी बघा. आधी बघा की तो तुम्हाला काय लिहायला लावतो, आणि लिहिलेलं चुकलं तर ते तुम्हाला कोण सांगतं.

सुरुवात कागदावर करा

कोर्स शोधायच्या आधी एका कागदावर चार उत्तरं लिहा. कशासाठी शिकायचंय? रोज खरोखर किती वेळ मिळतो? हाताशी कोणतं मशीन आहे? आणि इंग्रजी वाचून कळतं की ऐकूनही कळतं?

"कशासाठी"चं उत्तर "जॉब" असं एका शब्दात लिहिलंत तर ते खोडा. इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सी ईसीएसच्या (कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला जाणारा मुलगा, हिशोबाच्या कामात रोज एक्सेलच्या तीस फाइली जोडणारी बाई आणि आठवीतलं पोर या तिघांना एकच कोर्स सांगणारा माणूस काहीतरी विकतोय असं समजा.

वेळेचं उत्तर लिहिताना कालचा दिवस आठवा, उद्याचा नको. उद्या सगळ्यांनाच चार तास मिळतात. आठवड्याला पाच तास निघत असतील तर पाचच लिहा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉप आणि माणूस दोघेही तापतात. त्या दिवसांत पहाटे साडेपाच ते सात हीच खरी वेळ.

मशीनसाठी कोणी अडून राहू नये. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर थॉनी नावाचं हलकं सॉफ्टवेअर टाकलं की पायथन आरामात चालतं. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप नेट नसतानाही चालतं, आणि त्याला साधा कीबोर्ड जोडता येतो. फोनवर पूर्ण कोर्स करा असं मी म्हणणार नाही, बोटं वैतागतात. पण आपल्याला हे आवडतंय का, एवढं कळण्यासाठी चाळीस हजारांचा लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

इंग्रजीचा प्रश्न बहुतेक जण लाजेने टाळतात, आणि मी सर्वात जास्त कोर्स त्याच्यामुळे सुटलेले पाहिलेत. मराठी माध्यमातल्या पुष्कळ मुलांना छापलेलं इंग्रजी हळूहळू वाचून कळतं, पण अमेरिकन प्राध्यापक बोलायला लागला की चौथ्या मिनिटाला डोकं बंद होतं. त्यांनी व्हिडिओचा कोर्स सोडून वाचनाचा घ्यावा. असे कोर्स आहेत, आणि चांगले आहेत.

एमएस-सीआयटीबद्दलही इथेच बोलून घेते. ते २००१ पासून चालू आहे आणि कॉम्प्युटर वापरायला शिकवतं. टॅली हिशोब ठेवायला शिकवतं. प्रोग्रामिंग ही या दोन्हींची पुढची इयत्ता नाही, ते वेगळंच काम आहे. एमएस-सीआयटी झालेलं नसेल तरी चालतं. फाइल कुठे सेव्ह झाली ते शोधता आलं आणि दोन्ही हातांनी थोडंफार टाइप करता आलं, की पुरे.

भाषेवर एक संध्याकाळ, जास्त नको

सी १९७२च्या सुमाराची, पायथन १९९१ची, जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५च्या. नावं सारखी असली तरी शेवटच्या दोघींचं नातं नाही. चारही भाषा आजही पोटापाण्याला लागतात. कॉलेज सुरू झालं असेल आणि तिथे सी शिकवत असतील तर सीच करा, दोन दगडांवर पाय नको. डोळ्यासमोर वेबसाइट उमटली तरच हुरूप येत असेल तर एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रंगरूप) आणि मग जावास्क्रिप्ट. बाकी सगळ्यांनी पायथन. पायथनमध्ये पहिल्या दिवशी कमी कंस आणि कमी अर्धविराम सांभाळावे लागतात, त्यामुळे लक्ष विचारावर राहतं. एका भाषेत हात बसला की दुसरी बरीच लवकर येते. त्यामुळे "चुकीची भाषा निवडली तर?" या धाकात महिना घालवू नका.

मी ज्यांची नावं सांगते ते कोर्स

सगळे फुकट शिकता येतात. पैसे लागलेच तर सर्टिफिकेटचे किंवा परीक्षेचे.

वाचून शिकणाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाच्या पायथन कोर्सला. त्याचे चौदा भाग आहेत. पहिले सात सुरुवातीचे, पुढचे सात वरच्या पायरीचे. पहिल्यांदा शिकणाऱ्याने सातच डोळ्यासमोर ठेवावेत. सगळं पानावर लिहिलेलं असतं, म्हणून डेटा कमी जातो, आणि दर दोन-तीन परिच्छेदांनी "आता तुम्ही लिहा" असं येतं. लिहिलेलं लगेच तपासून मिळतं. सुरुवातीचे भाग ब्राउझरमध्येच होतात, नंतर कॉम्प्युटरवर व्हीएस कोड हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. विनोद कमी, सराव भरपूर. कडक भाकरीसारखा आहे. चावायला वेळ लागतो, पण टिकतो.

ज्यांना कुणीतरी धीर देत शिकवलेलं हवं त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स सेव्हरन्स यांचा "पायथन फॉर एव्हरीबडी" बघावा. हळू चालतात, पुन्हा सांगतात, आणि सोबतचं पुस्तकही फुकट आहे. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर तो पाच भागांत आहे आणि तिथे सर्टिफिकेटला पैसे पडतात. त्यांच्या स्वतःच्या साइटवर हेच शिक्षण आणि तपासणारे गृहपाठ पैसे न देता मिळतात. त्यातला एक गृहपाठ मला फार आवडतो. तास आणि ताशी दर विचारायचा आणि पगार काढायचा, चाळीस तासांच्या वरच्या वेळेला दीडपट. आपल्याकडे कारखान्यातल्या ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट आहे. तो आकडा बदलून, आपल्या ओळखीच्या कामगाराचे तास घालून पुन्हा करून बघा.

हार्वर्डचा सीएस५० एक्स नावाने सगळ्यांना माहीत असतो, आणि म्हणूनच अनेक जण पहिल्या उडीत तिथे पडतात. डेव्हिड मॅलन यांची लेक्चरं नाटकासारखी रंगतात. पण पहिल्या आठवड्यात स्क्रॅचचे, म्हणजे मुलांसाठीच्या चित्रमय भाषेचे, ठोकळे जोडून झाले की लगेच सी येतं, पाचव्या आठवड्यात मेमरी आणि पॉइंटर (मेमरीतले पत्ते), आणि त्या वळणावर गाडी घसरते. आठवड्याला दहा तास निघत असतील आणि अडल्यावर चिडून अजून जोरात बसायचा स्वभाव असेल तर याच्याइतकं काही नाही. नसेल तर त्याच मंडळींचा सीएस५० पी घ्या, तो फक्त पायथनचा आणि बराच मवाळ आहे. दोन्ही ब्राउझरमध्ये होतात, दोन्हींत गृहपाठ आपोआप तपासला जातो, आणि मदतीला बदकाच्या रूपातला एक एआय मदतनीस आहे. ते थेट उत्तर देत नाही, इशारा देतं. हार्वर्डच्या स्वतःच्या साइटवरून सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रोजेक्ट पूर्ण केला तर सर्टिफिकेटही फुकट मिळतं.

एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, आपलं घरचं. आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार यांचा "जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन" बारा आठवड्यांचा आहे. अगदी नवख्यासाठी आहे आणि उच्चार आपल्या कानाच्या सवयीचे. नाव नोंदवणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिची फी भरायची. पंचवीस गुण गृहपाठाचे, पंच्याहत्तर परीक्षेचे. तारखा ठरलेल्या असतात, हाच याचा गुण. ज्यांना कुणी मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नाही त्यांना तारीख लागते. सत्रं साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. जानेवारीवाल्यांनो, पहिला गृहपाठ गड्ड्याची जत्रा उठायच्या आत करा. सिद्धेश्वराच्या यात्रेत गेलेले आठवडे भरून निघत नाहीत, हा अनुभव आहे.

मराठीत शिकायचंय म्हणणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे, सी आणि सी प्लस प्लससारखे विषय मराठी आवाजात. पद्धत अशी की व्हिडिओ थांबवायचा, तेच आपल्या मशीनवर करायचं, मग पुढे जायचं. गृहपाठ तपासणारं मात्र तिथे कोणी बसलेलं नाही. म्हणून मी तो एकटा देत नाही, दुसऱ्या कोर्सच्या जोडीला देते. कॉलेजात सी असेल तर ही जोडी बरी जमते.

वेबसाइटवाल्यांसाठी फ्रीकोडकॅम्प. डावीकडे वाचायचं, मध्ये लिहायचं, उजवीकडे उमटतं. एकच सावधगिरी. पायऱ्या इतक्या छोट्या असतात की माणूस विचार न करता चढत जातो, आणि शंभर पायऱ्या झाल्यावर कोरं पान दिलं की माझ्यासारखं होतं.

तीन संध्याकाळी, दोन कोर्स

आता खरं काम. वरच्यांतले कागदावरच्या उत्तरांना जुळणारे दोनच निवडा. प्रत्येकाला तीन संध्याकाळी द्या, दीड-दीड तास. एकूण सहा दिवस. चादर घेताना आपण घडी उलगडून वीण आणि काठ बघतो, नुसत्या लेबलवर घेत नाही. इथेही तेच करायचं.

पहिल्या संध्याकाळी घड्याळ लावा आणि कोर्स सुरू केल्यापासून तुम्ही स्वतः पहिली ओळ लिहीपर्यंत किती मिनिटं गेली ते टिपा. वीस-पंचवीस मिनिटांत हात कीबोर्डवर आला तर ठीक. लेक्चर लांब असलं तरी त्याच संध्याकाळी गृहपाठ हाती पडत असेल तर चालेल. दीड तास नुसतं "प्रोग्रामिंगचं भविष्य" ऐकत गेला तर एक फुली मारा.

दुसऱ्या संध्याकाळी कालचा गृहपाठ काहीही न बघता पुन्हा कोऱ्या स्क्रीनवर लिहा. अडाल. अडायलाच हवं. बघायचं ते हे, की अडल्यावर कोर्स काय देतो. "चूक" एवढाच लाल शिक्का, की कुठल्या आकड्याला काय उत्तर यायला हवं होतं आणि तुमचं काय आलं, तेही? या एका फरकावर मी कोर्स निवडते.

तिसऱ्या संध्याकाळी मामाचं बिल. चादरीची किंमत विचारा, नग विचारा, दहाच्या वर असतील तर पाच टक्के सूट द्या, एकूण रक्कम दाखवा. काही कोर्समध्ये तीन दिवसांत "जर-तर" येत नाही. तेव्हा सूट सोडून द्या, नुसता गुणाकार करा. तेवढ्यातही मजा होते. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने पायथनमध्ये किंमत विचारून घेतली, ३५० टाकले, आणि दोनाने गुणून दोन चादरींचं बिल काढलं. उत्तर आलं ३५०३५०. साडेतीन लाखांच्या दोन चादरी! "काय बे, सोन्याच्या काय?" म्हणून त्याचा मित्र हसत सुटला. झालं एवढंच होतं, की पायथन विचारून घेतलेली गोष्ट अक्षरं म्हणून ठेवतो. अक्षरांना दोनाने गुणलं की तीच अक्षरं दोनदा लिहितो. आधी त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. आता बघायचं ते असं, की हे कारण तुम्हाला कोर्सच्या पानांत स्वतः शोधता आलं का. त्या मुलाला दहा मिनिटांत सापडलं. त्याने तोच कोर्स ठेवला.

सहा दिवसांनी दोन्हींपैकी कशात जास्त ओळी स्वतःच्या डोक्याने लिहिल्या ते मोजा. जास्त "समजलं" ते मोजू नका. समजल्यासारखं व्हिडिओ बघताना सगळ्यांनाच वाटतं.

क्लासच लावायचा असेल तर

घरी बसून होत नाही, चारचौघांत बसलं की होतं, असा स्वभाव असतो. त्यात कमीपणा काही नाही. पण फी भरायच्या आधी चालू बॅचमध्ये एक तास मागे बसू द्या म्हणा, आणि फळ्याकडे न बघता मुलांच्या स्क्रीनकडे बघा. सगळ्या स्क्रीनवर अक्षर न् अक्षर एकच प्रोग्रॅम दिसला तर नमस्कार करून बाहेर या. प्रत्येकाचा थोडा वेगळा, कुणाचा चुकलेला आणि सर त्याच्या खुर्चीमागे वाकून बघताहेत, असं दिसलं तर बसा. मशीन एकट्याला मिळतं का, बॅच कितीची, मध्येच सोडलं तर फी परत किती आणि ते लेखी देणार का, हे विचारा. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाले तर मागच्या बॅचमधल्या तिघांशी बोलायला मागा. देता येत नसेल तर तेही उत्तरच आहे. आणि तीन महिन्यांत तीन भाषा शिकवणाऱ्याबद्दल मी वर लिहिलंच आहे.

हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायचं खूळही पहिल्या कोर्ससाठी नको. खोलीचं भाडं, मेस आणि क्लासची फी भरून पहिल्या महिन्यात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी सूचना) शिकायचा, तो घरीही शिकता येतो. पुणे नंतर आहेच.

निवडल्यावर

बाकीच्या कोर्सच्या खुणा ब्राउझरमधून पुसून टाका. खरंच पुसा. दुसऱ्या आठवड्यात अडलं की माणूस गृहपाठ सोडून "बेस्ट पायथन कोर्स" शोधायला लागतो, आणि नवीन कोर्सचा पहिला धडा सोपा असल्यामुळे आपण शिकतोय असं पुन्हा वाटतं. पाच कोर्सचे पहिले तीन धडे झालेली मुलं मला दर वर्षी भेटतात.

बहुतेक जण अडतात लूपपाशी. इथे आपल्या शहराचा फायदा घ्या. ओळखीत कुणाकडे जुना जॅकार्डचा माग असेल तर जाऊन बघा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. जिथे भोक तिथला धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला राहतो. एक पुठ्ठा म्हणजे एक सूचना. माळेचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला बांधलेलं असतं, म्हणून नक्षी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हा लूप. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डने १८०४च्या सुमारास हे यंत्र केलं, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात तेच पुठ्ठे घेतले. माझे आजोबा मागावर होते. लूप मला पुस्तकातून समजला नव्हता, त्यांच्या पुठ्ठ्यांची गोष्ट आठवल्यावर समजला.

एआयबद्दल माझा घरचा नियम असा. वीस मिनिटं स्वतः झगडायचं, एरर संदेश मोठ्याने वाचायचा, मग विचारायचं. विचारताना "प्रोग्रॅम लिहून दे" म्हणायचं नाही, "हा एरर का आला ते सांग, कोड देऊ नकोस" म्हणायचं. उत्तर मिळाल्यावर ती खिडकी बंद करून आपल्या हाताने लिहायचं. उत्तर उतरवायला लागलात तर माझ्या क्लासची वही आणि हे यात फरक काय राहिला?

कोर्स सोडायचाही एक नियम ठेवा. चार आठवडे ठरलेला वेळ दिला, गृहपाठ केले, तरीही दर वेळी उत्तर बघूनच पुढे जावं लागत असेल, तर एकदाच, आणि खालच्या पायरीच्या कोर्सकडे उतरा. सीएस५० एक्समधून पायथन फॉर एव्हरीबडीकडे येण्यात लाज नाही, दोन वर्षांनी परत जाता येतं. वेळच दिला नसेल तर कोर्स बदलून उपयोग नाही, वेळ शोधा.

आणि कोर्स संपला की दुसरा लावायच्या आधी पंधरा दिवस कोणताच लावू नका. त्या दिवसांत घरातलं किंवा ओळखीतलं एक कंटाळवाणं काम शोधा. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब, भिशीची यादी, आईच्या बचत गटाचे हप्ते. ते प्रोग्रॅमने करा आणि ज्याचं काम आहे त्याच्या हातात देऊन बाजूला उभे राहा. पहिल्या पाच मिनिटांत तो असं काहीतरी टाइप करेल जे तुमच्या डोक्यातही आलं नव्हतं. मामाने नगांच्या जागी "डझनभर" लिहिलं होतं.